दोन बोटं सैल

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहिण्यात फायदा नाही.

नोकरीचा पहिला दिवस. हृदय तपासणी केंद्र, पहिला मजला, खाली टायरचं दुकान. घरातली पहिली पदवीधर कामावर निघाली म्हणून आईने डब्याला नवं रबर लावलं आणि बाबांनी शिलाई मशीनवरून मान वर करून चष्म्याच्या वरून पाहिलं. आमच्या घरात याहून मोठा सत्कार अजून कोणाचा झालेला नाही.

यंत्र नवं कोरं आहे आणि ते फक्त मी चालवणार. मानेवर पेनासारखा प्रोब टेकवायचा, मांडीला पट्टा बांधायचा. हृदयातून निघालेली नाडीची लाट मानेपाशी कधी पोचली आणि मांडीपाशी कधी, एवढं यंत्र बघतं. मधलं अंतर आपण टेपने मोजून त्यात भरायचं. अंतर भागिले वेळ, म्हणजे लाटेचा वेग. रक्तवाहिनी मऊ असली तर लाट रमतगमत जाते, ताठर झाली असली तर पळत सुटते. वेग सेकंदाला दहा मीटरच्या वर गेला की काळजी. सुई नाही, रक्त नाही, ओरडणं नाही. शेवटी एक कागद बाहेर येतो: तुमच्या रक्तवाहिन्यांचं वय इतकं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन महिने काम बघू, मग कायम करू. जाड मॅन्युअल दिलं. प्रस्तावना दोनदा वाचली, फार प्रेरणादायी आहे. 'अंतर कसे मोजावे' हे प्रकरण सोडून दिलं. शिंप्याच्या मुलीला माप घ्यायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहण्याच्या क्लासला घालायचं.

केंद्राची टेप कुठे सापडेना. बाबांची दुकानातली उद्या नेईन. त्यांच्याकडे तीन आहेत.

संकल्प, आणि खरं तर नोकरी धरली ती याचसाठी: बाबांना या टेबलावर झोपवायचं. आजोबा आणि मोठे काका दोघेही 'काल तर चांगले होते' याच आजाराने गेले. बाबा हल्ली जिन्याच्या वळणावर थांबतात आणि खिशात किल्ली शोधतात. किल्ली हातात असते.

महिनाअखेरपर्यंत होऊन जाईल. मी समजावलं की लोकांना पटतं.

५ फेब्रुवारी

बाबांची टेप आणली. पिवळी, मऊ, वीस वर्षं त्यांच्या गळ्यात राहून शहाणी झालेली. संध्याकाळी परत ठेवीन.

मापणी तपासायला पहिलं माप सिस्टरचंच घेतलं. सिस्टर केंद्र उघडल्यापासून आहेत, बीपी आणि ईसीजी त्यांच्याकडे. मी टेप अंगाबरोबर नेली, मानेपासून छातीवरून, पोटावरून, खाली पट्ट्यापर्यंत. बाबांनी शिकवलंय ते हातात बसलंय: अंगाचा उंचवटा टाळायचा नाही, आणि टेप आवळायची नाही, आत दोन बोटं सैल ठेवायची, माणसाला श्वास घ्यायचा असतो. सिस्टरच्या रक्तवाहिन्यांचं वय एकाहत्तर आलं. त्या म्हणाल्या, एवढ्यात रिटायर करू नकोस, कर्ज फिटायचंय.

हसण्यावारी नेलं. जागृतीचा अभाव.

टेप परत ठेवायची राहिली.

९ फेब्रुवारी

मापणीआधी माणसाला दहा मिनिटं शांत पडू द्यायचं असतं. ही दहा मिनिटं नुसती वाया जातात. मी त्या वेळेत प्रबोधन सुरू केलं आहे. मीठ, सिगरेट, बसून राहणं, आपल्या आधीच्या पिढीचा बेफिकीरपणा. आज एक निवृत्त हेडमास्तर इतके भारावले की डोळे मिटून घेतले. नंतर लक्षात आलं, झोपले होते. पण ऐकू येतच असणार.

सिस्टरने पडद्यातून डोकं घातलं. म्हणाल्या, बाळा, पेशंटला निजवायचं असतं, जागं करायचं नसतं. मी म्हटलं, समाजाला जागं करावंच लागतं. त्यावर त्यांनी पडदा सोडला.

सिस्टर जुन्या वळणाच्या आहेत. मनाने चांगल्या.

१२ फेब्रुवारी

जेवताना बाबांकडे विषय काढला. सहज, आडून. भिंतीवर तक्ता लावला होता.

बाबा म्हणाले, मी लोकांची मापं घेतो. माझं आजवर कोणी घेतलेलं नाही. लग्नाचा सूटसुद्धा अंदाजाने शिवला होता. आई म्हणाली, तो अंदाज चुकला होता, फोटोत बाह्या बोटांवर आहेत. बाबा म्हणाले, फोटोग्राफर खालून काढत होता. मग पुढचा सगळा वेळ ती दोघं फोटोग्राफरवर बोलली. तक्त्याकडे कोणी पाहिलं नाही.

तरी सुरुवात चांगली. बी पेरलं.

जाता जाता बाबांनी विचारलं, पिवळी टेप कोणी पाहिली का. आई म्हणाली, तुमच्याच गळ्यात असेल. त्यांनी गळा चाचपला. मी वाटी विसळत होते, त्यामुळे उत्तर देणं जमलं नाही.

१५ फेब्रुवारी

मोठा दिवस. आमच्या दुकानाशेजारचे बेकरीवाले काका स्वतः आले. मीच गेला आठवडाभर त्यांच्या काउंटरवर पत्रकं ठेवत होते. ते त्यात बिस्किटं बांधून देत होते, पण शेवटी त्यांनी एक वाचलं.

काका म्हणजे उभं पिंप. पोट आधी येतं, मागून काका. टेप मानेकडून निघाली आणि पोटाच्या चढणीला लागली, वर पोचली, पलीकडे उतरली. दोन बोटं सैल. माझे हात दोन्ही टोकांना जेमतेम पुरले.

वय चोपन्न. रक्तवाहिन्यांचं वय एकोणऐंशी.

मी खुर्ची जवळ ओढून त्यांना हळुवारपणे सांगितलं. आधी ते हसले. मग विचारलं, म्हणजे माझ्या आत माझे वडील आहेत का. मी म्हटलं, तसंच समजा. मग त्यांचा चेहरा मैद्यासारखा झाला आणि ते म्हणाले की वडील गेले तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे होते.

जाताना जिना उतरायला घाबरत होते. सकाळी हेच काका खांद्यावर मैद्याचं पोतं घेऊन वर चढून आले होते, खाली टायरवाल्याकडे ठेवायचा भरवसा नाही म्हणून. विज्ञानाने माणसाला स्वतःकडे बघायला लावलं.

झोपताना समाधान.

१९ फेब्रुवारी

काकांमुळे बँडवाले आले. आमच्या भागातला ब्रास बँड, एक सोडून सगळे गोल. बँडमास्तर पुढे, ढोलवाला मागे. एवढ्या गर्दीत मला त्यांना एकेक करून झोपवावं लागलं. ट्रॉम्बोनवाल्याच्या पोटावरून टेप नेताना घसरली, पुन्हा घेतली, यावेळी जरा जास्तच सैल.

बँडमास्तर पंच्याहत्तर. ट्रॉम्बोन ऐंशी. ढोल ब्याऐंशी. त्यांच्यातला एकच सडपातळ, झांजवाला, त्याचं त्याच्या वयाइतकंच. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाकीच्यांकडे असं पाहिलं की जणू तो एकटाच पास झालाय.

ट्रॉम्बोनवाल्याने विचारलं, फुंकलं तर फुटेल का. मी म्हटलं, लगेच असं नाही. 'लगेच' हा शब्द नको होता, पण प्रामाणिकपणा आधी.

२१ फेब्रुवारी

आज कागद एकत्र लावून बघितले, आणि मग पुन्हा एकदा लावून बघितले. आपल्या भागातले लोक बाहेरून पन्नाशीचे आणि आतून ऐंशीचे आहेत. त्यातही जाड माणसं जास्त. इतका सरळ संबंध पुस्तकातसुद्धा नाही. पोट जितकं मोठं तितकी रक्तवाहिनी म्हातारी, जणू कोणी टेपने आखून दिलंय.

हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. शोधनिबंध लिहायला घ्यावा. नाव ठरलं: 'एका वस्तीचे अकाली वार्धक्य'. डॉक्टरबाईंचं नाव दुसरं टाकू, त्यांनी यंत्र दिलं.

कारण पाणी असेल का? हवा? की बेकरी? काकांना दुखवायचं नाही, पण विज्ञान नातं बघत नाही.

बाबा आज जिन्यावर दोन वेळा थांबले. दुसऱ्या वेळी मी वरून बघितलं तर म्हणाले, भिंतीचा रंग उडालाय, ते बघत होतो. काळोख होता तिथे.

संकल्प: निबंध थांबला तरी चालेल, बाबा आधी. म्हणजे दोन्ही एकदम करावं.

२४ फेब्रुवारी

जागृतीला यश. बेकरीवाले काका स्वतःच्या केकला हात लावत नाहीत. संध्याकाळी बँडच्या खोलीतून आवाज आला नाही. सगळे फुंकणारे झांजा शिकताहेत. बँडमास्तर म्हणे आता हात वर करतानाही मध्ये थांबतात.

दुसरी बातमी. काकांनी बाबांकडे टाकलेल्या दोन पँटी काढून घेतल्या. बारीक झाल्यावर शिवू म्हणाले. आणि बँडचे लाल कोट, ज्यांचं कापड बाबांनी कापायलाच घेतलं होतं, तेही थांबले. मास्तर म्हणाले, सहा महिन्यांनी मापं घ्या, तोवर जगलो तर.

माझ्या एका कामाचा माणसांच्या कंबरेवर इतका परिणाम. मी हे जेवताना उत्साहाने सांगितलं.

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, पंचवीस वर्षं या गल्लीची पोटं सांभाळली मी. दरवर्षी अर्धा इंच सोडत आलो, कोणाला कळू दिलं नाही. तू पंधरा दिवसांत दुकान बसवलंस.

आई म्हणाली, पोरीला बोलू नका, ती शिकलेली आहे. हे नक्की कोणाच्या बाजूने होतं ते कळलं नाही.

२७ फेब्रुवारी

सौदा. बाबा म्हणाले, मी तुझ्या त्या टेबलावर झोपतो. आकडा चांगला आला तर तू बँडवाल्यांकडे जाऊन सांगायचं की घाबरण्यासारखं काही नाही, कोट शिवून घ्या.

मी सांगितलं की विज्ञानात सौदे होत नसतात.

मग रात्रभर विचार केला आणि पहाटे हो म्हटलं. ध्येय महत्त्वाचं.

१ मार्च

बाबा आले. शनिवारची इस्त्री केलेली पँट, वर स्वतःच शिवलेला शर्ट. जिन्यावर दोनदा किल्ली शोधली. वर आल्यावर केंद्राच्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, खालच्या दुमडीची हेम वाकडी आहे.

टेबलावर आडवे झाले. मी खिशातून टेप काढली आणि दोघेही थांबलो.

म्हणाले, ही माझी आहे.

मी म्हटलं, संशोधनासाठी घेतली होती. म्हणाले, महिना झाला मी पांढऱ्या टेपने काम करतोय, तिचा पहिला इंच तुटलाय, सगळी गिऱ्हाईकं एक इंचाने उंच झाली. एवढं सगळं आडवं पडून, मांडीला पट्टा असताना. प्रबोधन करायला वेळच मिळाला नाही. उलट दहा मिनिटं मीच शांत बसले आणि ते बोलून दमून गप्प झाले.

माप घ्यायला गेले तर टेपचं टोक त्यांनीच धरलं आणि ताठ ओढलं. म्हणाले, सैल कशाला सोडतेस, मला काय पँट शिवायचीय. बाबांना पोट नाहीच, वरचा देह म्हणजे हँगर. टेप मानेपासून मांडीपर्यंत दोरीसारखी सरळ गेली.

वेग अकरा पूर्णांक सहा. रक्तवाहिन्यांचं वय अडुसष्ट. बाबांचं वय छप्पन्न.

मी आकडे दोनदा वाचले. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि त्यांचं तोंड खुललं. म्हणाले, बेकरीवाला एकोणऐंशी, ढोल ब्याऐंशी, मी अडुसष्ट. म्हणजे सगळ्यांत तरुण मीच की.

मी समजावलं. खूप समजावलं. ते टेबलावरून उतरले, टेप गळ्यात घातली आणि म्हणाले, जो माणूस पोतं घेऊन तुझा जिना चढतो त्याला तू ऐंशीचा म्हातारा ठरवतेस. तुझं यंत्र म्हणजे स्टेशनवरचा वजनकाटा आहे, मागे भविष्य छापून देतो तो.

बँडवाल्यांकडे आजच जायचं म्हणाले. शब्द म्हणजे शब्द. मी म्हटलं, आकडा चांगला आलेला नाही. ते म्हणाले, सगळ्यांत चांगला आहे.

३ मार्च

गेले नाही. तत्त्व. बाबा बोलत नाहीत. टेप परत गेल्यामुळे केंद्रात सिस्टरने पॅकिंगची पट्टी कापून त्यावर आकडे लिहून दिले.

शोधनिबंधाची पहिली प्रत डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या वाचून थक्क होतील.

६ मार्च

डॉक्टरबाई थक्क झाल्या.

दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाल्या, एवढ्या ताठर रक्तवाहिन्या असत्या तर अर्धी गल्ली आयसीयूत असती. मला माप घेऊन दाखव. सिस्टरला आडवं केलं. मी नेहमीप्रमाणे, मान, छाती, पोट, दोन बोटं सैल.

त्यांनी फार शांतपणे विचारलं की रक्त पोटावरून जातं का.

मी म्हटलं, कोणत्या अर्थी.

म्हणाल्या, रक्तवाहिनी आतून सरळ खाली जाते. पोट बाहेर आलं म्हणून ती बाहेर येत नाही. तू लांब रस्ता मोजलास. रस्ता लांब, वेळ तोच, म्हणजे वेग वाढणारच. ज्याचं पोट मोठं त्याचा रस्ता लांब. आणि ही दोन बोटं काय आहेत.

मी सांगितलं, श्वासासाठी.

सिस्टर पडल्या पडल्या इतक्या हसल्या की मांडीचा पट्टा सुटला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. कपाटातून एक लांब लाकडी सरकपट्टी काढली, दोन टोकांना दोन दांडे, मधलं अंतर सरळ मोजणारी. यंत्राबरोबर आलेलीच होती. मला वाटलं होतं, पडद्याचा रॉड आहे.

सगळ्यांना पुन्हा बोलावायचं. सिस्टर मोजतील. मी फोन करायचे.

शोधनिबंध परत घेतला. मागची बाजू कोरी आहे, उपयोगी पडेल.

१० मार्च

गेले चार दिवस फोन. एकेक करून येताहेत. बेकरीवाले काका: रक्तवाहिन्यांचं खरं वय पंचावन्न. त्यांनी कागद डोळ्यांना लावला, मग सिस्टरला, मग चुकून मला मिठी मारली. संध्याकाळी केंद्राला केक आला. त्यावर क्रीमने 'तरुण' लिहिलं होतं.

बँडवाले सगळे ठीक. ढोल जरा जास्त आहे, त्याला चालायला सांगितलं. ते बाहेर पडले आणि टायरच्या दुकानासमोरच वाजवायला लागले. ट्रॉम्बोनवाल्याने महिन्याभराचं साठलेलं एकदम सोडलं. वरच्या मजल्यावरच्या पेशंटांची बीपी वाढली. सिस्टर म्हणाल्या, नोंद नको करू.

कोटांची ऑर्डर पुन्हा आली. काकांच्या पँटी आल्या, आणि एक जादा, आनंदाची.

मला बरं वाटायला हवं होतं. पण एक गोष्ट कळली. बाबांचं माप मी चुकीचं घेतलेलं नाही. त्यांना पोट नाही, टेप त्यांनीच ताठ धरली होती, मी गप्प होते. या सगळ्या गठ्ठ्यात एकच आकडा बरोबर आहे, आणि तो त्यांचा.

११ मार्च

बाबांना सांगितलं. खरं खरं, तक्ता न लावता.

ते लाल कोटाला काज करत होते. म्हणाले, सगळ्यांचे आकडे चुकले, माझा एकट्याचा बरोबर आला का. मी म्हटलं, हो. म्हणाले, नशीब बघ माझं. आणि हसून मशीन सुरू केलं.

आईने विचारलं, खरंच बरोबर आहे का गं. मी म्हटलं, खरंच. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून पोटावरूनच मोजतेय.

१४ मार्च

प्रयत्न चालू. डॉक्टरबाईंची वेळ घेतली. बाबा त्या वेळी बँडवाल्यांच्या ट्रायलला. दुसरी घेतली, त्या वेळी बटणं आणायला. जिन्यावरून घसरले म्हणून बाहेर बसून राहिले असं आई म्हणाली, पण कपडे स्वच्छ, गुडघे ठीक. घसरले नव्हते, दम लागला होता.

धाकटा भाऊ म्हणाला, ताई, आता तू आग लागलीय म्हणालीस तरी मी आधी काडीपेटी बघेन. दहावीला दोन विषय राहिलेल्या माणसाने हे म्हणावं.

अलीकडे मी फार कमी बोलते. हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

१७ मार्च

बाबा केंद्रात आले. मी बोलावलं म्हणून नाही.

झालं असं. बेकरीवाल्या काकांनी सुधारलेला कागद फ्रेम करून काउंटरवर लावला. बँडमास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि ट्रायलला उभे असताना बाबांना काढून दाखवला. तीन दिवस दुकानात जो येईल तो स्वतःचं वय सांगून जात होता, आणि बाबांना सांगायला काही नव्हतं. शेवटी काकाच म्हणाले, चला, तुमचाही चांगला कागद घेऊन येऊ, माझ्या शेजारी लावू. आणि दंडाला धरून वर घेऊन आले. बाबा वळणावर थांबले तेव्हा काकाही थांबले आणि म्हणाले, शोधा सावकाश, किल्ली.

बाबांची एकच अट. माप हिने घ्यायचं नाही.

मी पडद्याबाहेर उभी राहिले. पडद्याची हेम खरंच वाकडी आहे. आत सिस्टर सरकपट्टी लावत होत्या. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग यंत्राचा कागद निघाल्याचा आवाज, मग बीपीच्या पट्ट्याचा, मग पुन्हा बीपीच्या पट्ट्याचा. दुसऱ्यांदा घेतात तेव्हा काय असतं हे मला माहीत आहे.

अकरा पूर्णांक सहा.

दशांशासकट माझाच. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल.

डॉक्टरबाई बाबांशी बराच वेळ बोलल्या. बीपी चांगलंच जास्त, कधीपासून कोण जाणे. रोज एक गोळी, मीठ कमी, आणि पुढच्या आठवड्यात हृदयाच्या दोन तपासण्या. वेळेवर आलात म्हणाल्या. बाबा नुसते 'हं' म्हणाले. खाली उतरताना काकांनी त्यांचा दंड धरला होता. यावेळी वळणावर ते थांबले तेव्हा खिशात हात घातला नाही. नुसतेच थांबले.

२२ मार्च

तपासण्या झाल्या. हृदय ठीक आहे, वेळेत पकडलं, गोळी कायमची. आई देवापेक्षा आधी सिस्टरच्या पाया पडायला निघाली होती, सिस्टरने अडवलं. बाबा गोळी न चुकता घेतात. मशीनच्या खणात बॉबिनशेजारी ठेवतात आणि घेतल्यावर डबी खुळखुळवून आईला ऐकवतात.

माझी तीन महिन्यांची मुदत आणखी तीन महिने वाढली. तोवर फोन, फाइल आणि पडद्यांची हेम. डॉक्टरबाई म्हणाल्या, मॅन्युअल शेवटपर्यंत वाच. वाचलं. माप घेण्याच्या प्रकरणात चित्र आहे, जाड माणसाचं, टेपवर मोठी फुली. पहिल्याच पानावर.

संकल्प: बाबांना एकदा स्वच्छ सांगायचं की तो आकडा आधी माझा होता. श्रेय नको. नुसतं माहीत असावं.

२४ मार्च

सांगायला दुकानात गेले.

बेकरीवाले काका स्टुलावर उभे होते, जादाची आनंदाची पँट घालून. बाबा खाली बसून तळाची दुमड टाचत होते, पिवळी टेप गळ्यात. भिंतीवर फ्रेम: अडुसष्ट. तो कागदही लावलाय त्यांनी, काय करणार या माणसाला.

झांजवाला बाकावर बसून ऐकत होता. बाबा त्याला सांगत होते की आमच्या सिस्टरचा हात काय सांगू, फुलासारखा. नुसती पट्टी लावली आणि बरोबर पकडलं. माणूस शिकलेला असावा तर असा. काका वरून म्हणाले, आणि मी धरून आणलं. बाबा म्हणाले, आणि तू धरून आणलंस.

मी म्हटलं, बाबा.

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, बरी आलीस, टाचण्या धर.

धरल्या.